आपल्याच दारातून

रोसेन्दाच्या हाताखालून गेलेलं माणूस कधी तक्रार करत नाही, असं आमच्या पुएर्तो सालोब्रेत सगळे म्हणायचे, आणि म्हणून हसायचे. करणार कुठून? मेलेलं असायचं ते. भट्टीगल्लीत कुणी गेलं की पाद्र्याच्या आधी रोसेन्दाला हाक जायची. ती यायची, बाह्या वर सारायची, रडणाऱ्या बायांना "जा, पलीकडं जाऊन रडा, इथं आधीच पाणी सांडलंय" म्हणून खोलीबाहेर काढायची आणि दार लोटून घ्यायची. मग रोजमेरीचा पाला घालून उकळलेल्या पाण्यानं अंघोळ, पुरुष असला तर दाढी, केस विंचरणं, हनुवटीखालून रुमालाची गाठ. आणि कपडे चढवताना तोंड सारखं चालू. "सोड की हात, मेल्या. जन्मभर मूठ आवळून बसलास, आता कुणासाठी धरून ठेवतोयस?" बाहेर बसलेल्या माणसांना सगळं ऐकू यायचं, पण कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. मेलेल्याशी त्याच्या नावानं बोललं नाही तर त्याचं अंग ताठतं आणि बाही चढत नाही, हे गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रोसेन्दा बोलायला लागली की हात आपोआप सैल पडायचे. तिच्या शिव्यांना घाबरून पडतात, असं तिची शेजारीण त्रिनी म्हणायची.

ह्या कामाचं रोसेन्दानं कधी कुणाकडून काही घेतलं नाही. पोट भरायला तिची बंदरावरची वखार होती. बोटाएवढे मासे सोलायचे, पिंपात मिठाच्या थरावर थर लावायचे, वरून दगड ठेवायचा. त्या मिठानं तिच्या बोटांची पेरं कायमची फुटून गेली होती. नवरा हिनेस लग्नानंतर कामाला म्हणून जर्मनीला गेला आणि तिकडंच दुसरा संसार थाटून बसला. गावात ही बातमी रोसेन्दाच्या आधी पोचली होती. तिला कुणी सांगेना, म्हणून शेवटी त्रिनीनं सांगितलं. रोसेन्दानं भांड्यांचं कपाट आडवं केलं, मग दोघींनी मिळून काचा वेचल्या, आणि त्यानंतर हिनेसचं नाव त्या घरात निघालं नाही.

त्रिनीचं घर रोसेन्दाच्या घराला लागून. मधे एक भिंत, आणि तीही इतकी पातळ की एकीनं कढईत लसूण टाकला की दुसरीला शिंक यायची. त्रिनीचा नवरा ब्लास मासेमारीला जायचा, त्रिनी हॉटेलातल्या चादरी धुवायला जायची, आणि त्यांची मुलगी एस्त्रेया रोसेन्दाच्या स्वयंपाकघरात वाढली. बाप्तिस्म्याच्या वेळी पोरीला हातावर धरलं ते रोसेन्दानं. त्यामुळं ती एस्त्रेयाची मादरिना, धर्माची आई. नुसती धर्माची कसली? गोवर आला तेव्हा उशाशी बसलेली रोसेन्दा, पहिली पाळी आली तेव्हा पोरगी धावत आली ती रोसेन्दाकडं. स्वतःच्या पोटी काही नव्हतं, म्हणून तिनं सगळी माया ह्या एका पोरीवर ओतली. वर दिवसातून दहा वेळा तिला शिव्याही घातल्या.

ब्लास गेला तेव्हा त्याचं सगळं रोसेन्दानंच केलं. केस विंचरताना भांग चुकीच्या बाजूला पडला म्हणून त्रिनी मधेच आत आली, भांग बदलला, आणि तिथंच पलंगाच्या कडेला बसून राहिली.

"रोसे, माझंही तूच करायचं हं," ती म्हणाली. "परक्या बाईचे हात लागू द्यायचे नाहीत. आणि मी ह्याच दारातून जाणार. पाय पुढं, डोकं मागं, ब्लाससारखी. मागून रिवाजाप्रमाणं दार अर्धं तू लोटायचंस."

"आणि मी आधी गेले तर?"

"तर मी करीन तुझं. पण तू कसली जातेस! देवालाही जरा शांतता हवी असते."

दोघी हसल्या, ब्लास तिथं पडलेला असताना हसल्या. मग पुढच्या हिवाळ्यात दोघींनी तपकिरी कापड आणून कार्मेनमातेचे दोन झगे शिवले. आमच्याकडं बाया शेवटच्या प्रवासाला हाच झगा घालून निघतात. दोन्ही झगे रोसेन्दाच्या पेटीत, वर दोन बिही फळं ठेवून, म्हणजे वास चांगला राहतो. दर शरद ऋतूत फळं बदलायची आणि त्या निमित्तानं झगे अंगाला लावून बघायचे. त्रिनी जाड होत चालली तसा रोसेन्दानं तिचा झगा दोन्ही बाजूंनी उसवून मोठा केला. "अशीच खात राहिलीस तर तुला तंबूच शिवावा लागेल," असं ती म्हणायची, आणि त्रिनी रागवायची.

एवढं सगळं ठरलेलं होतं. ह्यात बिघडण्यासारखं काही नाही, असं रोसेन्दा धरून चालली होती, आणि तिथंच ती फसली.

कारण दरम्यान आमचं गाव सुंदर झालं. म्हणजे गाव होतं तसंच होतं. पांढऱ्या भिंती, निळी दारं, उतरत समुद्रापर्यंत गेलेल्या पायऱ्या. पण कुणीतरी बाहेरून येऊन ते सुंदर आहे असं सांगितलं, आणि मग काय विचारता! पाहुण्यांची रीघ लागली. चाकांच्या बॅगा पायऱ्यांवरून खडखड करत वर. गल्लीतलं एकेक घर रिकामं झालं, रंगलं, आत नवे पलंग आले आणि बाहेर आकड्यांचं कुलूप आलं. जुनी माणसं वर, पेट्रोल पंपामागच्या नव्या इमारतींत गेली. कुणी जबरदस्ती केली नाही हो. पायऱ्या चढवत नव्हत्या, भिंतींना ओल होती, आणि समोरून पैसे चांगले मिळत होते. ज्यांनी घरं दिली त्यांना रोसेन्दानं रस्त्यात गाठून गाठून सुनावलं. "आजीला विकायचं राहिलंय का रे घरात?" एवढं एकदा खाटकाला म्हणाली, तर त्यानं तिच्याशी बोलणं टाकलं.

पाहुणे तिचे फोटो काढायचे. काळा पोशाख, पांढरी भिंत, कुंड्यांना पाणी घालणारी म्हातारी! ती पाण्याचं भांडं त्यांच्या अंगावर रिकामं करायची आणि ते हसत हसत त्याचाही फोटो काढायचे.

आणि ह्या सगळ्या घरांच्या किल्ल्या सांभाळायचं, चादरी बदलायचं, पाहुण्यांना उतरवून घ्यायचं काम गावात कोण करत होतं? एस्त्रेया. रोसेन्दानं त्यावर तिला काय काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. पोरगी खाली मान घालून ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागायची. तिला दोन मुलं होती, नवऱ्याची पाठ धरलेली होती. ती तरी काय करणार होती?

मग त्रिनीचे गुडघे गेले. एस्त्रेयानं तिला वर आपल्या घरी नेलं. तिथं लिफ्ट होती. "हिवाळ्यापुरतं गं," त्रिनी म्हणाली. हिवाळा संपला तर एस्त्रेया म्हणाली, उन्हाळ्यात घर नुसतंच बंद राहण्यापेक्षा पाहुण्यांना देऊ, ऑक्टोबरात आईला परत आणू. ऑक्टोबर आला, पाऊस फार होता. पुढच्या ऑक्टोबरात डॉक्टर नको म्हणाला. त्रिनी अधूनमधून एस्त्रेयाच्या गाडीतून खाली यायची, रोसेन्दाच्या स्वयंपाकघरात बसायची, कॉफीत बिस्कीट बुडवायची. भिंतीपलीकडं कुणी परक्या भाषेत बोलत असायचं. त्रिनी तिकडं बघायचीही नाही.

एकदा ती म्हणाली, "रोसे, समज, आपलं ते ठरलेलं... नाहीच जमलं तर?"

"काय जमायचं राहिलंय त्यात?" रोसेन्दा उसळली. "मरायला काय मुहूर्त लागतो? तू फक्त मर, बाकी मी बघते."

त्रिनी हसली आणि तिनं बिस्कीट उचललं. रोसेन्दाला वाटलं, विषय मिटला. तोंड आवरून दोन घटका गप्प बसली असती तर! पण गप्प बसणं तिच्या रक्तातच नव्हतं.

ऑगस्टात, गाव पाहुण्यांनी फुटायला आलेलं असताना, त्रिनी गेली. सकाळी उठलीच नाही. एस्त्रेयाचा फोन आला तेव्हा रोसेन्दा टोमॅटो किसत होती.

"मादरिना," पोरगी म्हणाली, आणि रडायला लागली.

रोसेन्दाला न सांगताच कळलं. ती खुर्चीत बसली. क्षणभर तिला वाटलं, आपणही इथंच जाणार. पण मग हात आपोआप कामाला लागले. तिनं गॅसवर मोठं पातेलं चढवलं. "रडू नकोस," ती फोनवर म्हणाली. "तिला खाली घेऊन ये. पाणी ठेवलंय मी. झगा तयार आहे."

"मादरिना... घरात माणसं आहेत. शनिवारपर्यंत. तुला ठाऊक आहे ना?"

"माणसंच आहेत ना? लांडगे तर नाहीत? मी बोलते त्यांच्याशी."

"मादरिना, थांब, ऐक माझं..."

पण रोसेन्दानं फोन ठेवला होता. अडचण काय ती तिला कळली होती, आणि अडचण कळली की ती सोडवायला बसायचं नसतं, उठायचं असतं, असं तिचं आयुष्यभराचं गणित होतं.

त्रिनीच्या दारासमोर येऊन ती थबकली. ह्या दाराला तिनं जन्मात कधी टकटक केली नव्हती. किल्ली कायम दारालाच असायची, ढकलायचं आणि आत शिरायचं. आता आकड्यांचं कुलूप. तिनं मूठ आपटली.

दार उघडलं एका लांबड्यानं. अनवाणी, उन्हानं नाक सोललेलं. त्याच्यामागं त्याची बायको, घरातही डोक्यावर गवताची टोपी. उत्तरेकडच्या कुठल्याशा देशातले दोघं. रोसेन्दा जे बोलली त्यातलं त्यांना अक्षर कळलं नाही. लांबड्यानं फोन पुढं धरला, त्यात बोला अशी खूण केली. रोसेन्दानं त्या डबड्याकडं बघितलं, त्रिनीसाठी तेही गिळलं, आणि मोठ्यानं बोलली.

"ह्या घरातली बाई मेली आहे. तिला घरी आणायची आहे."

फोन गोड आवाजात काहीतरी म्हणाला. टोपीवालीनं घाबरून मागं पलंगाकडं बघितलं.

"तिथं नाही गं बाई!" रोसेन्दा ओरडली. "वर मेली, लेकीच्या घरी. घर तिचं आहे हे. आजचा दिवस ती इथं राहील, उद्या सकाळी ह्या दारातून जाईल. तुम्ही तेवढ्यापुरते कुठंतरी जा. माझ्या घरात झोपा. पलंग आहे, चादर धुतलेली आहे."

फोन बोलत राहिला. बोलून झाला तसे नवराबायको आपसात कुजबुजले. रोसेन्दा कंबरेवर हात ठेवून उभी होती. हे आता पैसे भरलेत म्हणतील, मग आपण काय म्हणायचं, त्याची ती मनात जुळवाजुळव करत होती. भांडायची सगळी तयारी होती. पण टोपीवालीनं टोपी काढली आणि रोसेन्दाचा हात धरला. फोन म्हणाला, "आम्हाला फार वाईट वाटतं. हो. नक्की. आम्ही काय करू ते सांगा."

रोसेन्दाची चांगलीच पंचाईत झाली. भांडण तोंडात तसंच राहिलं. ज्या लोकांच्या अंगावर तिनं वर्षानुवर्षं पाणी ओतलं होतं, त्यांच्यासमोर तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि त्याचा तिला राग आला.

"आधी पाय धुवून चपला घाल," ती लांबड्याला म्हणाली. "मयताच्या घरात अनवाणी फिरतात का?"

मग दुपारपर्यंत त्या दोघांना तिनं असं राबवलं की काय सांगावं. पुढच्या खोलीतलं टेबल बाहेर, पलंग मधोमध, पाय दाराकडं. आरशावर चादर. भिंतीवर लावलेली शिंपल्यांची माळ खाली काढ, हे कुणाच्या डोक्यातून निघालं, त्रिनीला शिंपले बघवत नसत. लांबड्यानं मालकाच्या परवानगीचं काहीतरी विचारलं. "मालकीणच येतेय," रोसेन्दा म्हणाली. टोपीवालीनं तिच्याजवळचा एकुलता एक काळा कपडा अंगावर चढवला, तो नेमका हॉटेलात जेवायला जाताना घालायचा, पाठ उघडी असलेला. रोसेन्दानं तिला आपली शाल दिली. खुर्च्या दोन्ही घरांतल्या मिळून गल्लीत भिंतीला लावून मांडल्या. तेवढ्यानं रांग होईना, तर लांबडा कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानातून आणखी घेऊन आला. त्यानं तिथं काय सांगितलं देव जाणे. गल्ली पुन्हा गल्लीसारखी दिसायला लागली. रोजमेरीचं पाणी उकळून निवलं, रोसेन्दानं पुन्हा उकळलं.

कुणी आलं नाही.

शेवटी आला तो पाववाला फेर्मीन, भाड्याच्या घरांना पाव द्यायला. खुर्च्या बघून त्याच्या हातातली टोपली तशीच राहिली.

"रोसेन्दाबाई, हे काय मांडलंय?"

"आंधळा आहेस का? त्रिनी गेली ते कळलं नाही तुला?"

"कळलं की. आत्ता तिकडूनच येतोय मी. ती वर आहे, महामार्गावर मयत ठेवायची नवी जागा झालीय ना, तिथं. सकाळीच नेलं तिला." त्यानं तिच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुम्हाला कुणी बोललं नाही?"

रोसेन्दानं पिशवीत झगा कोंबला आणि त्याच्या गाडीत पावांच्या शेजारी जाऊन बसली. पाहुण्यांना ती एवढंच म्हणाली, "जरा गोंधळ झालाय. घेऊन येते तिला." वाटभर ती फेर्मीनला, एस्त्रेयाला, महामार्गाला आणि तो बांधणाऱ्यांना शिव्या घालत होती. फेर्मीन बिचारा गाडी चालवत होता.

ती जागा म्हणजे बँकेसारखी. गार हवा, सरकती दारं, कॉफीचं यंत्र. गावातली अर्धी माणसं तिथं खुर्च्यांवर बसली होती, खाटीकही होता. सगळ्यांनी रोसेन्दाकडं बघितलं आणि सगळ्यांनी नजरा खाली घातल्या. समोर एक मोठी काच होती आणि काचेपलीकडं त्रिनी.

हिरव्या पोशाखात. नातवानं चर्चमधे पहिला प्रसाद घेतला त्या सोहळ्याला शिवलेला तो पोशाख. ओठांना रंग. आणि केस कपाळावरून सरळ मागं नेलेले, जसे तिनं जन्मात कधी नेले नव्हते, कारण तिच्या कपाळावर लहानपणीची भाजल्याची खूण होती आणि ती तिला कुणाला दिसू द्यायची नसायची. आता ती खूण दिव्याखाली सगळ्या गावासमोर उघडी पडली होती.

रोसेन्दानं काचेला हात लावला. काच गार होती. "उघड," ती तिथल्या गणवेशातल्या पोराला म्हणाली. तो म्हणाला, आजी, उघडता येत नाही, नियमात बसत नाही. "केस पुढं घेते तिचे, एवढंच. अरे, केस!" तिनं मुठीनं काच वाजवली. त्रिनीला नावानं हाक मारली, एकदा, दोनदा. आत काही ऐकू जात नसणार. तेवढ्यात एस्त्रेयानं येऊन तिला मागून धरलं आणि बाहेर, गाड्या लावायच्या जागेवर नेलं.

"हरामखोर," रोसेन्दा म्हणाली. "माझ्या हातचं खाऊन वाढलीस तू. पाहुणे तयार झालेत! ते, परके, ते तयार झालेत. घर मोकळं केलंय, पलंग लावलाय. आणि पोटची मुलगी आईला दुकानात मांडून बसलीस! कशाला? पुढचं गिऱ्हाईक बिचकेल म्हणून?"

एस्त्रेयाचे डोळे सुजून मिटायला आले होते. ती इतका वेळ ऐकत राहिली. लहानपणापासून ऐकत होती. मग म्हणाली, "मी नाही ठरवलं, मादरिना."

"मग कुणी, पोपनं?"

"आईनं. तिनंच सांगितलं मला. खाली नको म्हणाली."

"खोटं बोलतेस."

"मुलांची शपथ. इस्टरच्या वेळी सांगितलं. म्हणाली, त्या घरावर तुमचं पोट चालतंय, तिथं मयत झालं असं कुणी चारचौघांत बोललं की कोण राहायला येईल? म्हणाली, आणि खरं सांगू का, मला त्या ओलीत परत जायचंच नाही. इथं उबदार आहे, खिडकीतून गाड्या दिसतात, मला आवडतं." एस्त्रेया नाक पुसत होती. "मी म्हटलं, आई, मादरिनाला तू सांग. तर म्हणाली, माझी छाती होत नाही. एकदा विषय काढला तर अंगावर आली. तिला नको सांगूस, मी मेल्यावर कळेल, तेव्हा ती मला शिव्या घालेल आणि मला ऐकू येणार नाहीत."

हे शेवटचं वाक्य इतकं त्रिनीचं होतं, की एस्त्रेयाला ते सात जन्मांत सुचलं नसतं. रोसेन्दाला शंका घ्यायलाही जागा उरली नाही. ती एका गाडीला टेकून उभी राहिली. ज्या बाईनं हिनेसची बातमी तोंडावर सांगायची हिंमत केली होती, तीच बाई तिला भ्यायली होती. कॉफीत बिस्कीट बुडवत, समोर बसून, हसत हसत भ्यायली होती.

"आत चल ना," एस्त्रेया म्हणाली. "उद्या सकाळी चर्चमधे..."

"हा तुझ्या आईचा झगा," रोसेन्दा म्हणाली, आणि पिशवी तिच्या हातात दिली. "फडकी कर. लाद्या पुसायला बरा आहे, कापड चांगलं आहे." आणि फेर्मीनच्या गाडीत जाऊन बसली.

उतरताना उन्हं अजून होती. गल्लीच्या तोंडाशी येऊन ती थांबली. खुर्च्यांच्या रांगेत लांबडा आणि टोपीवाली बसले होते, ताठ, गुडघ्यांवर हात ठेवून, चर्चमधल्या पोरांसारखे. टोपीवालीच्या खांद्यावर रोसेन्दाची शाल होती. दाराशी दोन मेणबत्त्या लावल्या होत्या आणि कुठूनशी पांढरी फुलं आणून भांड्यात ठेवली होती. पलीकडच्या घरातले आणखी कोणी पाहुणेही येऊन बसले होते, त्यांना बहुधा ह्या दोघांनी सांगितलं असणार. कुणी फोटो काढत नव्हतं. रोसेन्दाला बघताच सगळे उठून उभे राहिले आणि तिच्या मागं, गल्लीच्या वळणाकडं बघू लागले.

टोपीवाली पुढं आली. फोन म्हणाला, "सगळं तयार आहे. त्या कधी येतात?"

रोसेन्दाला भयंकर राग आला. त्या उघड्या पाठीच्या कपड्याचा, त्या फुलांचा, त्यांच्या उभं राहण्याचा. असं उभं राहायला गावातलं कुणी इथं नव्हतं, हे होते! तिला वाटलं, रोजमेरीचं सगळं पातेलं आणून ह्यांच्या अंगावर ओतावं. पण हात उचलेनात.

"ती येणार नाही," ती फोनमधे म्हणाली. "तिला यायचंच नव्हतं."

फोननं ते त्यांच्या भाषेत सांगितलं, समुद्राचा रस्ता सांगताना जसा बोलतो तशाच आवाजात. टोपीवालीला काय करावं कळेना. ती रोसेन्दाच्या खांद्याला हात लावायला गेली आणि तिनं तो मागं घेतला. लांबडा एकदा तिच्याकडं, एकदा आतल्या खोलीकडं, दाराकडं पाय करून लावलेल्या त्या पलंगाकडं बघत होता. त्यानं फोन घेतला आणि हळू विचारलं. फोन म्हणाला, "खोलीचं आम्ही काय करायचं?"

"होती तशी लावून ठेवा," रोसेन्दा म्हणाली. "ती शिंपल्यांची माळही टांगा. शनिवारी दुसरे पाहुणे यायचेत."